राहतं ठिकाण आयुष्य किती ठरवतं?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. विषय बरेच दिवस मनात घोळतोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी साताऱ्याला, कोणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, सुटका नाही, म्हणजे परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरात म्हातारं माणूस असेल तर पोरं गावात राहतात, नसेल तर उसाच्या फडावर जातात.

आता एकाच बाकावरची दोन पोरं घ्या. दोघंही सारखीच चलाख. एकाची आजी धडधाकट आहे, म्हणून तो नोव्हेंबरात भागाकार शिकतो. दुसऱ्याची आजी नाही, तो पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळत बसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर दोघं पुन्हा शेजारी बसतात तेव्हा एकाची वही पुढे गेलेली असते आणि दुसरा मान खाली घालून बसतो. पुढच्या वर्षी हे अंतर आणखी वाढतं. सातवी-आठवीत दुसरा यायचाच बंद होतो. मुलगी असेल तर लग्न आणखी लवकर उरकतात, कारण कोयता जोडीनेच मोजतात.

आईबाप तसेच, जात तीच, जमीन तेवढीच. वर्षातले सहा महिने कुठे गेले, एवढाच फरक. "हुशार असेल तो कुठेही चमकतो" हे वाक्य मी आता सहन करू शकत नाही. जो चमकला तोच आपल्याला दिसतो. न चमकलेले किती होते हे हजेरीपटात असतं, आणि तो पट माझ्या हातात आहे.

विचारायचंय ते असं. तुमच्या आयुष्यावर तुम्ही राहिलात त्या गावाचा, वाडीचा, चाळीचा किती हात आहे असं तुम्हाला वाटतं? आणि पोरांसाठी ठिकाण सोडणं हाच एक उपाय आहे का, की आहे तिथेच काही करता येतं? मला खरंच उत्तर हवंय. पालक मला विचारतात, "गुरुजी, पोराला ठिवू का नेऊ?"

पोफळी

सर, मनापासून लिहिलंत. आमच्या कोकणाची गत वेगळी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात दरवर्षी आमचाच विभाग पहिला. शाळा बऱ्या, शिक्षक मायेचे, आईबापांना शिक्षणाची आस. आणि पास झालेली मुलं? दिवा, नालासोपारा, डोंबिवली. गिरण्यांच्या काळापासून घरं मनीऑर्डरवर चालली, आता पैसे मोबाइलवर येतात एवढाच बदल. आमच्या वाडीत बंद घरं उघड्या घरांपेक्षा जास्त आहेत.

म्हणजे ठिकाणाने मुलांना शिकवलं आणि शिकवून झाल्यावर त्यांच्यासाठी काम ठेवलं नाही. याला ठिकाणाचं यश म्हणावं की अपयश, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

हापूस_प्रेमी

पोफळीताई, निकालाचं गुपित बांगड्याच्या तिखल्यात आहे हे बाहेर सांगू नका. उद्या लातूरवाले क्लासमध्ये तिखलं वाढायला लागतील.

पटॅप्स्को

बालाघाटी सर, तुमच्या दोन पोरांसारखाच प्रश्न घेऊन अमेरिकेत एक फार मोठा प्रयोग झाला. मी बाल्टिमोरला राहतो, प्रयोगातल्या पाच शहरांपैकी हे एक. बाकीची बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क.

१९९४ पासून पुढच्या काही वर्षांत अतिशय गरीब सरकारी वसाहतींतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांच्या नावाने चिठ्ठ्या टाकल्या. काहींना घरभाड्याची मदत मिळाली, पण अट अशी की गरिबी १० टक्क्यांहून कमी असलेल्या वस्तीतच घर घ्यायचं. काहींना बिनअटीची मदत, काहींना काहीच नाही. चिठ्ठी असल्यामुळे "चांगले आईबाप चांगल्या वस्तीत जातात, म्हणून मुलं पुढे जातात" हा आक्षेप उरला नाही.

सुरुवातीची वर्षं सगळे निराश होते. मोठ्यांची कमाई वाढलीच नाही. त्यांची तब्येत मात्र सुधारली, मधुमेह आणि अतिलठ्ठपणा कमी झाला, मनावरचा ताण हलका झाला. मग अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळची लहान मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या कराच्या नोंदी तपासल्या. तेराव्या वर्षाच्या आत चांगल्या वस्तीत गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई न गेलेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. कॉलेजात जाण्याचं प्रमाण वाढलं. वयाच्या तेराव्या वर्षानंतर गेलेल्यांना फायदा नाही, उलट थोडं नुकसानच झालेलं दिसलं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वय. चांगल्या ठिकाणी काढलेलं लहानपणाचं एकेक वर्ष मोजलं जातं. तुमचा तिसरी-चौथीतला मुलगा गावात राहिला तर जो फायदा होईल, तो आठवीत ठेवून मिळणार नाही.

गिरणगावकर

पटॅप्स्को, माहिती चांगली आहे, पण मला एका गोष्टीची भीती वाटते. "वस्ती वाईट आहे, माणसं उचला आणि दुसरीकडे ठेवा" हे ऐकायला सोपं वाटतं. मुंबईत ते करून झालंय.

गोवंडी-मानखुर्दला जाऊन या. रस्त्यासाठी, नाल्यासाठी, रेल्वेसाठी हटवलेल्या झोपडपट्टीतल्या लोकांना तिथे पक्क्या इमारती दिल्या. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड यांत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो, हवा खेळत नाही. काही वर्षांपूर्वी या दोन वसाहतींची जवळच्याच पीएमजी कॉलनीशी तुलना करणारा अभ्यास झाला. पीएमजीत इमारती सुट्या आहेत, ऊन आणि वारा आत येतो. टीबीचं प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी कितीतरी जास्त, आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यात जास्त. एकाच भागातली, सारख्याच परिस्थितीतून आलेली माणसं. फरक इमारतींच्या नकाशात होता.

माहुलचंही तेच. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडून लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत नेऊन ठेवलं. तिथली हवा आरोग्याला धोकादायक आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केलं होतं, तरीही माणसं पाठवली गेली. शेवटी उच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. कागदावर झोपडीतून फ्लॅटमध्ये गेले, म्हणजे प्रगती!

आता दुसरी बाजू. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर राहिले, १९३४ मध्ये राजगृहात जाईपर्यंत. खोली किती लहान असेल कल्पना करा. पण शहरात एल्फिन्स्टन हायस्कूल होतं, पुढे कॉलेज होतं, ग्रंथालयं होती, कामगारांची वस्ती आणि चळवळ होती. सुभेदार रामजींनी साताऱ्याहून मुंबईला यायचं ठरवलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की मला धडकी भरते.

घर लहान-मोठं असणं आणि ठिकाण चांगलं-वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच म्हणायचंय.

स्वकष्टार्जित

सगळ्यांचं वाचलं. मला हे पटत नाही. मी दुष्काळी तालुक्यातला, चिमणीच्या उजेडात अभ्यास केला, आज स्वतःचा कारखाना आहे. वर्गातले बाकीचे तिथेच राहिले. ठिकाण सगळ्यांना एकच होतं ना? जिद्द लागते. पोरांना "तुझं गाव वाईट म्हणून तू मागे" असं सांगितलं तर ती हातपाय हलवायचीच थांबतील.

माणदेशी_मेंढा

स्वकष्टार्जित साहेब, मीही दुष्काळी भागातलाच. खानापूर-आटपाडीकडचा. आमच्याकडे पाऊस नाही म्हणून माणसं बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईत, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, शिरली. आज केरळपासून आसामपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, गलाईवाला विट्याकडचा भेटेल. म्हणजे ठिकाण वाईट असूनही लोक पुढे गेले हे तुमचं म्हणणं खरं.

पण कसे गेले ते बघा. पहिला गेला, त्याने भाच्याला नेलं, भाच्याने चुलतभावाला. ज्याचा मामा गलाईत नव्हता तो रोजगार हमीवर खडी फोडत राहिला. जिद्द दोघांतही होती. माझ्याकडे कोइमतूरला मामा होता. हा मामा मी कमावलेला नव्हता, तो मला माझ्या गावाने दिला. शेजारच्या तालुक्यातल्या माझ्याच वयाच्या, माझ्याहून तल्लख पोराला तो मिळाला नाही.

बालाघाटी

माणदेशी, "मामा" ही गोष्ट तुम्ही अगदी नेमकी पकडलीत. आमच्या पोरांचा मामा पण मुकादमाच्याच टोळीत असतो. त्याला दुसरं जगच माहीत नाही तर तो भाच्याला कुठे नेणार?

पटॅप्स्को

याच मुद्द्यावर चेट्टींच्या चमूचा २०२२ चा अभ्यास आहे. फेसबुकवरच्या अब्जावधी मैत्र्यांची माहिती तपासून त्यांनी दाखवलं की गरीब घरातल्या मुलांच्या आसपास, ओळखीत, मैत्रीत सुस्थितीतली माणसं किती आहेत यावर ती मुलं पुढे किती वर येतील हे फार मोठ्या प्रमाणात कळतं. नुसती ओळख पुरत नाही, मैत्री व्हावी लागते. मैत्री व्हायला एकत्र यायची जागा लागते. शाळा, मैदान, प्रार्थनास्थळ. माणदेशींचा कोइमतूरचा मामा त्या अभ्यासात अगदी चपखल बसतो.

वेशीबाहेर

इतका वेळ नुसता वाचत होतो. मूळ लेखात "गाव" हा शब्द आलाय तिथे थोडं थांबू या.

गाव एक नसतं. माझं गाव लातूर जिल्ह्यात. नकाशावर एक टिंब, प्रत्यक्षात दोन ठिकाणं. अंगणवाडी मारुतीच्या पारापाशी, दवाखान्याची गाडी तिथेच थांबणार, नळाची पाइपलाइन तिथवरच. आमची वस्ती ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की आमची शाळा बुडाली आणि पारापाशी राहणाऱ्यांची चालू. मोजून दहा मिनिटांचं अंतर. पण लहानपणीच्या कितीतरी गोष्टी त्या अंतराने ठरवल्या, कोणाच्या घरी पाणी प्यायचं इथपासून.

बाबासाहेबांनी गावाबद्दल संविधान सभेत जे कठोर शब्द काढले ते अशा अंतरातून आले होते. शहराकडे चला हे त्यांचं सांगणं आमच्या वडिलांच्या पिढीने मनावर घेतलं, म्हणून आज मी इथे लिहितोय. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात मला खाट मिळाली, तालुक्याच्या ठिकाणी. तिथे पहिल्यांदा मला माझ्या आडनावाआधी माझं नाव विचारलं गेलं. स्वकष्टार्जित साहेब, कष्ट मीही केले. पण ती खाट नसती तर कष्ट विटभट्टीवर झाले असते.

आणि शहरातही वेस असतेच. घर भाड्याने घ्यायला जा, आडनाव सांगा, मग कळतं.

स्वकष्टार्जित

वेशीबाहेर, वाचून शांत बसलो. माझ्या चिमणीखाली बसायला घर होतं आणि ते पाराजवळ होतं, हे खरं. जिद्द लागते यावर मी ठाम आहे, पण जिद्दीला पाय ठेवायला जागा लागते हे मान्य.

कोल्हापुरी_पायताण

वसतिगृहाचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि नंतर एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच लावली. जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य समाजातली मुलं, सगळ्यांसाठी. खेड्यातल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्याही मुळाशी वसतिगृहच. ते स्वतः कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकलेले.

पश्चिम महाराष्ट्र पुढे गेला तो ऊस आणि धरणांमुळे असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, वसतिगृहं धरणांच्या आधी आली होती.

गोदाकाठची

कोल्हापूरकर, कौतुक मान्य, पण तुमच्याकडचा ऊस तोडायला आमचीच माणसं येतात हेही लिहा. तुमच्या ठिकाणाची भरभराट आमच्या ठिकाणाच्या कोरडेपणावर उभी आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, शाळा थोड्या आणि त्याही बऱ्याचशा उर्दूतून. १९५३ चा नागपूर करार झाला, १९८४ ला दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला, नंतर वैधानिक विकास मंडळं झाली, केळकर समिती झाली आणि २०२० मध्ये त्या मंडळांची मुदतही संपली. समित्या येतात, मोजतात, जातात. आमच्या बायका मात्र फडावर तशाच. पाळीत सुट्टी घेतली की खाडा धरतात, म्हणून तरण्या वयात गर्भाशयं काढून टाकलेल्या बाया आमच्या जिल्ह्यात आहेत. २०१९ मध्ये ते बाहेर आलं, सरकारने चौकशी समिती नेमली, आकडे हजारोंत निघाले. जागा शरीरावर काय लिहून जाते त्याचा याहून वेगळा पुरावा मला नको.

कोल्हापुरी_पायताण

गोदाकाठची ताई, नाकारत नाही. आमच्या गावाबाहेर दरवर्षी कोप्या पडतात. आमची पोरं शाळेत जाताना त्यांच्या पोरांकडे बघत जातात. आमच्या शाळेने यंदा त्यातल्या काहींना वर्गात बसवून घेतलं. कमी आहे, पण सुरुवात केली आहे.

वैनगंगा

गडचिरोलीकडून लिहितेय. सरांनी "आहे तिथेच काही करता येतं का" विचारलंय, त्यावर अजून कोणी बोललं नाही.

येतं. १९९५ ते ९८ या काळात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, न्यूमोनिया ओळखणं, जंतुसंसर्ग झाला तर औषध देणं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. कोणाचं गाव बदललं नाही, रस्ता झाला नाही, मोठं हॉस्पिटल आलं नाही. पुढे याच पद्धतीवर देशभरातल्या आशाताईंचं घरोघरी जाऊन बाळ तपासण्याचं काम उभं राहिलं.

उलटंही पाहिलंय. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमध्ये बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असलेली गावं आहेत. एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्रास सुरू. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, जास्त वर्षं प्यायलं तर हाडं वाकतात. माझ्या नात्यातली एक मुलगी हसताना पदर लावते. तिचं शिक्षण, रूप, स्वभाव सगळं छान आहे. स्थळं दात बघून परत जातात. दुसऱ्या स्रोताचं पाणी आलं की पुढच्या पिढीचे दात नीट येतात, इतका साधा उपाय आहे. पण तो मूल आठ वर्षांचं व्हायच्या आत झाला पाहिजे, पक्के दात हिरडीत तयार होत असतानाच. पटॅप्स्कोंनी सांगितलेली वयाची गोष्ट इथेही लागू पडते.

निळी_बस

मला माझं सांगायचंय. आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा. पुढची सहा किलोमीटरवर. माझी मोठी बहीण सातवीनंतर घरी बसली, कारण रस्त्याला मधे वस्ती नाही आणि आई सोडायला तयार नव्हती. माझ्या वेळेला मानव विकासची निळी एसटी सुरू झाली, मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी ज्या गाड्या आल्या त्यातली. बारावी झाले, नर्सिंग केलं, आज नोकरी आहे. बहिणीला एकोणिसाव्या वर्षी दोन मुलं होती.

आम्ही दोघी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलो. मधे फक्त ती बस आली. बहीण माझ्याहून हुशार होती, हे मी नम्रपणाने म्हणत नाही. तिच्या जुन्या वह्या अजून माझ्याकडे आहेत.

हापूस_प्रेमी

निळी_बस, तुमच्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांना आमचा नमस्कार सांगा. वेळेवर येणारी एसटी हा महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा समाजसुधारक आहे.

निळी_बस

सांगते. वेळेवर नाही यायची, पण यायची.

किल्लारी_९३

महाराष्ट्रातही एक फार मोठं स्थलांतर घडलंय, त्याचा उल्लेख व्हायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादमधली सुमारे १,२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेली. माझा शेजारी त्यांत होता, मी नव्हतो. माझे आईवडील वाचले होते, त्यांनी मला सोडलं नाही.

तो शिकला, पुण्यात स्थिरावला. बारावीपर्यंत मी गावीच, नव्या पुनर्वसित गावात. सरळ रस्ते, सुटी घरं, भूकंपात न पडणारी. पण जुन्या गावातले वाडे, गल्ल्या, ओसऱ्या गेल्या आणि संध्याकाळी बसायची ठिकाणंही गेली. माणसं एकमेकांपासून लांब झाली. म्हाताऱ्यांना ते फार लागलं. माझे आजोबा नव्या घरात कधी रमले नाहीत, रोज चालत जुन्या गावाच्या ढिगाऱ्याकडे जायचे.

शेजाऱ्याची प्रगती बघून मला आनंदच आहे. पण तो एकदा म्हणाला होता, "मला सगळं मिळालं, फक्त गावात कोणाच्या लग्नाला गेलो की मला कोणी ओळखत नाही." ही किंमतही हिशेबात धरा. चेट्टींच्या अभ्यासात तेरा वर्षांवरच्यांचं नुकसान झालं म्हणता ना, ते यामुळेच असेल. त्या वयात जुळलेली माणसं तुटली की पुन्हा जुळवायला उरलेली वर्षं कमी पडतात.

सदाशिव_पेठ_पाहुणा

थोडं अवांतर. लातूरला बारावीसाठी आणि पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी राहिलेल्यांनी सांगा, मेस कुठली चांगली? मी दोन्हीकडे राहिलो. वरण दोन्हीकडे सारखंच पातळ, पण लातूरच्या मेसमावशी तिसरी पोळी न मागता वाढायच्या.

वेशीबाहेर

लातूर. वाद संपला.

गिरणगावकर

अवांतर नाहीच ते. लातूरला आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं येऊन खोल्या करून राहतात, घरोघरी मेस, रात्री दहाला गल्लीभर दिवे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं इतकं कोरडं शहर, तरी मुलं टिकून राहिली. पाणी नसलेलं ठिकाणही अभ्यासाला चांगलं असू शकतं, कारण शेजारचा पोरगाही अभ्यास करत असतो.

स्वकष्टार्जित

पण खोलीचं भाडं आणि क्लासची फी परवडते त्याच्याचसाठी. हे मीच म्हणतोय, नोंद घ्या.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. रात्री बसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मनात आता तीन-चार गोष्टी पक्क्या बसल्यात. लहान पोरं आधी. आठवीतल्या पोराला अचानक कुठे दूर पाठवू नये. आणि पोराला ठिकाणासकट त्याची माणसंही हवीत, म्हणून गाव न सोडता फडावर जाणं थांबवता आलं तर सगळ्यात बरं.

आता कामाचं विचारतो. आमच्या शाळेत यंदा तीसेक मुलं फडावर जातील असा अंदाज आहे, त्यातली निम्मी पाचवीच्या आतली. हंगामी वसतिगृहाचा (आईबाप फडावर असताना मुलांची गावातच राहण्या-जेवणाची सोय) प्रस्ताव मागच्या वर्षी उशिरा गेला आणि मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेल्या होत्या. कोणी हे काम जवळून पाहिलंय का?

गोदाकाठची

मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते, सांगते. दसऱ्याची वाट बघू नका. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, तेव्हाच कोण जाणार हे गावाला माहीत असतं. पोळ्याच्या आत घरोघरी जाऊन यादी करा. यादीत पालकांची सही किंवा अंगठा, घरात मागे कोण राहतंय आणि मुलाची इयत्ता हे लिहा. समितीचा ठराव घ्या आणि गटशिक्षण कार्यालयात पोच घेऊन द्या. पोच विसरू नका.

मुलींचे आईबाप ठेवायला तयार नसतात, रात्रीची काळजी असते. आमच्याकडे मुलींची झोपायची सोय त्यांच्याच आजी-चुलतीकडे ठेवली आणि जेवण-अभ्यास शाळेत, तेव्हा तयार झाले. स्वयंपाकाला गावातली विधवा किंवा एकटी बाई घ्या, म्हणजे तीही फडावर जायची थांबते.

मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहं मंजूर झालेली आहेत. तुमच्या तालुक्यातलं सुरू झालंय का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. अनुसूचित जातीच्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पुढच्या शिक्षणाला स्वाधार योजनेचे पैसे मिळतात. आणि शिरूर कासार तालुक्यात आर्वीला शांतिवन आहे, एकदा बघून या. तिथे ऊसतोड्यांची मुलं शिकतात.

कोल्हापुरी_पायताण

सर, जी मुलं तरीही येतीलच त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे आमच्याकडच्या शाळेला त्यांना बसवून घ्यायला अडचण येत नाही. तुमची टोळी कुठल्या कारखान्याकडे येणार ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या तालुक्यात असेल तर मी स्वतः कोपीवर जाऊन मुलांना शाळेत आणतो. पुस्तकं दोन्हीकडे एकच आहेत, कुठला धडा चालू आहे तेवढं पत्रकाच्या मागे लिहा.

बालाघाटी

निरोप पाठवलाय. उद्या ग्रामसभा आहे, यादीचं काम तिथूनच सुरू करतो.